सगळ्या वस्तीला चूलबंद आवतण

आधीच सांगून ठेवते, मी लई भित्री बाई हाय. कुत्र्याला भेते, मोठ्या आवाजाच्या माणसाला भेते, सही कर म्हणलं की हात कापतो. रेणापूरकडं माझं माहेर, तिथं नववीत शाळा सुटली, अठरा पुरे झाले की लगीन झालं आन् मी नांदेडला आले. आता चोवीस चालू हाय. आन् ह्या असल्या बाईनं एका सकाळी सगळी वस्ती उपाशी ठेवली. एका बी घरात शेगडी पेटली न्हाई. कोणी मेलं नव्हतं, ग्रहण नव्हतं, सिलेंडर संपले नव्हते. फक्त मी बोलले होते.

सगळं सुरू झालं माझ्या लेकीपासून. चार वर्षाची हाय. पाय असे की जमिनीला टेकतच न्हाईत. आमच्या गल्लीला नळ एकच, दुपारी पाणी येतं, आन् पाणी आलं की बाई सगळं इसरते. एका दुपारी मी घागरी भरून आले तर घरात पोरगी न्हाई. खाटेखाली न्हाई, मोरीत न्हाई, शेजारी न्हाई. मी अनवाणीच गल्लीभर पळाले. मंग मोठ्या रोडवर जांब, म्हंजी पेरू, इकणारी मावशी आली, कडेवर माझी लेक, लेकीच्या हातात अर्धा जांब. म्हणली, "ट्रकाच्या पुढून उचलली गं बाई. बांधून ठेव हिला."

मी खरंच बांधून ठेवलं. वढणीनं, खाटेच्या पायाला. पाणी भरून येईपर्यंत. रोज. ती रडायची न्हाई, वढणीचं टोक तोंडात घालून दाराकडं बघत बसायची. मी पळत जायची, पळत यायची, निम्मं पाणी अंगावर.

आत्याबाई, म्हंजी माझी सासू, म्हणायच्या, "त्यात काय रडायचं? तुझ्या नवऱ्याला बी मी बांधून ठेवलेलं. झाला का न्हाई टेम्पो चालवाया?" आत्याबाई लग्नाच्या आचाऱ्यासंगं पोळ्या लाटायला जातात. हात असा चालतो की मशीन लाजंल. तोंड त्याच्याहून जास्ती.

आमच्या वस्तीत अंगणवाडी न्हाई. अशात रोडपल्याडच्या अंगणवाडीच्या बाईनं निरोप धाडला की महापालिकेच्या मॅडम येणार हाईत, बैठक हाय, आयांनी यावं. मी एकटी कशी जाऊ? म्हणून शेजारच्या खालाला संगं घेतलं, त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात. खाला शिलाईचं काम करते, गळ्यात टेप कायम, कोणाला भीत न्हाई. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. मॅडम लई साध्या होत्या, पायात चप्पल, हातात रजिस्टर. सांगायला लागल्या की सगळ्या शहरात लेकरांसाठी आन् तरुण पोरा-पोरींसाठी एक मोहीम सुरू व्हणार हाय. तिचं नाव इतकं लांब होतं की मला एका दमात घेता येईना. पण गोष्ट सोपी होती. दर वस्तीत एक खोली. सकाळपासून दुपार टळंपर्यंत लहान लेकरं खेळायला, मंग शाळा सुटली की पोरं अभ्यासाला, संध्याकाळी मोठी पोरं-पोरी, ज्यांची शाळा सुटली, ज्यांना फॉर्म भरता येत न्हाई, ज्यांना घरात बसून वाचायला कोपरा न्हाई. चोवीस वर्षांपर्यंतचे सगळे.

खालानं मला कोपर मारलं. "तू भी है गे इसमें. लेकरू!"

मी इतकी हसले की मॅडमनी बघितलं. मंग भ्याले आन् पदर तोंडात घातला.

मॅडम म्हणल्या, रविवारी सगळ्या शहरात एकाच दिवशी सुरुवात. गाडी फिरणार, गाडीत प्रत्येक वस्तीचा फलक. पण अट अशी की वस्तीनं जागा दाखवायची, मोकळी, झाडलेली. आन् लोक जमले पाहिजेत. "जिथं जागा नाही किंवा माणसं नाहीत, तिथं आम्ही गाडीतून फलक उतरवत नाही. पुढच्या वस्तीला देतो. मागणी खूप आहे." मंग इचारलं, तुमच्या वस्तीची जबाबदारी कोण घेणार? सगळ्या बाया पायाकडं बघायला लागल्या. मी बी. तेवढ्यात माझा हात वर गेला. मी केला न्हाई. खालानं कोपराखाली धरून केला.

"ये करती मॅडम! मैं हूँ इसके साथ."

मॅडमनी रजिस्टर उघडलं. नाव सांगताना बी चुकून बापाचं नाव लावलं, नवऱ्याचं इसरले. पण घरी येताना पाय कसे हलके, कसे हलके! सगळ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात एकच. खोली. दार. आत माझी लेक, मोकळी.

आता खोली कुठून आणायची? आमच्या वस्तीत समाजमंदिर हाय, पत्र्याचं, चांगलं लांबरुंद. पण त्याला कुलूप. किल्ली बिछायतवाल्या मामाच्या कमरेला. ते मंडप, सतरंज्या, भांडी भाड्यानं देतात, आन् कैक वर्षांपासून त्यांची सगळी पातेली, कढया, घमेली त्या समाजमंदिरात. वस्तीत कोणी काही बोलत न्हाई, कारण कोणाच्या घरी मयत झाली तर मामा फुकट सतरंज्या देतात, पाण्याचे पिंप देतात, सगळ्यात आधी येऊन बसतात. असल्या माणसाला जागा सोड कसं म्हणायचं?

आम्ही दोघी गेलो. मी खालाच्या मागं. मामांनी ऐकून घेतलं आन् म्हणले, "लेकरांसाठी हाय, चांगलं हाय. पण माझे पातेले कुठं ठेवू? डोक्यावर?"

खाला म्हणली, "घर में रखो ना मामा."

"माझ्या घरात? बायको मला बाहेर ठेवील, पातेल्याच्या जागी."

आन् हसले. माणूस हसून न्हाई म्हणला की पुढं काय बोलावं तेच कळत न्हाई. आम्ही बी हसलो आन् परत आलो.

मी घरी येऊन रडले. आत्याबाई पीठ चाळत होत्या. म्हणल्या, "कशाला पायजे खोली-बिली? मॅडमची गाडी जाऊ दे पुढं. आपल्या लेकरांनी काय केलंय असं, खोलीत कोंडाया?"

"कोंडायला न्हाई आत्याबाई. मोकळं सोडायला."

"हां. बरं." आन् चाळण अशी आपटली की पीठ उडालं.

खाला म्हणली, जागेचं अल्ला बघंल, आपण माणसं तर जमवू. माणसं लई जमली तर मामाला बी लाज वाटंल. मॅडमनी पत्रकं दिली होती, गुलाबी कागदाची. दोन दिवस आम्ही वाटत फिरलो. लोक घ्यायचे, "बघू" म्हणायचे, आन् कागदानं वारा घ्यायचे. एका बाईनं माझ्यासमोरच लेकराचं नाक पुसलं त्यानं. एकीनं दुधाच्या पातेल्यावर झाकलं. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायला गेले तर मधीच अडकले, जोडाक्षर आलं. एक म्हातारा म्हणला, "शिकून ये आधी, मंग लेकरांला शिकव."

शनिवारी सकाळून मी बसले होते डोक्याला हात लावून. आन् मला एकदम सुचलं. आमच्याकडं कोणी कागद बघून कुठं जातं का? माणसाला बोलवायचं तर उंबऱ्यावर जाऊन अक्षता द्याव्या लागतात, कुंकू लावावं लागतं, मंग ते पायात वहाण घालतं. मी वाटीत तांदूळ घेतले, कुंकवात लाल केले, दुसऱ्या वाटीत हळद-कुंकू. खाला बघून म्हणली, "शादी किसकी है?"

"तुमी चला तर."

पहिलं घर कोपऱ्यावरच्या म्हातारीचं. ती दोन दिवस "बघू" म्हणत होती. मी अक्षता दिल्या, कुंकू लावलं, म्हणलं उद्या समाजमंदिरापुढं यायचं. म्हातारी एकदम सावरून बसली. डोळे बारीक करून म्हणली, "एका माणसाचं हाय, का जोडप्याचं, का...?"

मला मॅडमचं आठवलं. घरातले लहान-थोर सगळे आले पाहिजेत, घराला कुलूप लावून या म्हणावं, असं त्या म्हणल्या होत्या. माझ्या डोक्यात तेवढंच होतं, सगळे, सगळे. आन् तोंडातून आलं, "चूलबंद!"

आता ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगते. आमच्या गावाकडं लग्नाचं, बारशाचं आवतण तीन परीचं असतं. घरातल्या एकाला, न्हाईतर नवरा-बायकोला, न्हाईतर चूलबंद. चूलबंद म्हंजी म्हातारं-कोतारं, पाळण्यातलं, आलेला पाव्हणा, सगळी धरून बोलवायची. त्या दिशी त्या घरात चूल पेटवायची न्हाई. मान मोठा असतो त्याचा. माझ्या आजोळी कोणी चूलबंद दिलं तर आजी चार दिवस गल्लीत सांगत हिंडायची.

म्हातारीचं तोंड असं उजळलं की बस. "चूलबंद! बघ गं बाई, लई वर्षांनी ऐकलं. येते की. सगळी येतो."

मला काय झालं मला ठाऊक न्हाई. दोन दिवस "बघू" ऐकून ऐकून माझं काळीज आटलेलं, आन् आता ही हसली. पुढच्या घरी मी आधीच म्हणले, "चूलबंद हाय बरं का!" ती बी हसली. तिनं उलटं मलाच कुंकू लावलं. पुढच्या गल्लीत तर लोक दारात येऊन उभे. खालाच्या बाजूच्या घरांमधी खाला माझ्या पुढं, "पूरे घर का बुलावा है, चूल्हा मत जलाव," आन् तिथं बी सगळे खूष, "इन्शाल्ला आते." देगलूरकडची एक बाई हाय, तेलगू बोलते, तिला आम्ही दोघींनी हातानं करून दाखवलं, शेगडी, बंद, सगळे, या. ती टाळ्या वाजवाया लागली. मी पळत होते. माझा पदर पडला, मी उचलला न्हाई. मला वाटलं मी उडून राहिले. मी भित्री बाई, दार वाजवून राहिले, मोठ्यानं बोलून राहिले, पुरुषमाणसाला बी सांगून राहिले! अक्षता संपल्या, मी घरी येऊन परत केल्या.

जेवणाचा इचार? शपथ घेऊन सांगते, एकदा बी डोक्यात आला न्हाई. माझ्या डोक्यात चूलबंद म्हंजी सगळे येणार, एवढंच. आन् खाला म्हणते तिच्या बी डोक्यात तेच.

रविवारी सकाळून मी अंगण झाडत होते. आत्याबाई चहाचा कप घेऊन दारात बसल्या होत्या. कान लावून बसल्या. मंग म्हणल्या, "सूनबाई, आज काहीतरी झालंय."

"काय?"

"एक बी कुकरची शिट्टी न्हाई."

मी थांबले. खरंच. रविवारी ह्या टायमाला आमच्या गल्लीत शिट्ट्यांवर शिट्ट्या असतात. कोणाच्या घरून फोडणीचा वास, कोणाच्या घरून मटणाचा. आज काहीच न्हाई. कावळा वरडला तेवढा ऐकू आला.

"कोणी गेलं का काय रात्री?" आत्याबाई उठल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरची म्हातारी आली, ठेवणीतलं लुगडं, डोक्याला तेल. आत्याबाईला म्हणली, "काय गं, भाजी कोणती केली? माझ्या सुनंला वांगं चालत न्हाई, म्हणून इचारते."

"कोणती भाजी? कुठली?"

"तुझ्या सुनंनं चूलबंद दिलंय की सगळ्या वस्तीला!"

खराटा माझ्या हातातून खाली पडला. आत्याबाईनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारतात. मी मटकन खाली बसले आन् म्हणलं, "आत्याबाई, मी सगळे या म्हणायला म्हणलं ओ."

"चूलबंद म्हणलीस?"

"हाव."

"अक्षता देऊन?"

"हाव."

"किती घरांला?"

"सगळ्या."

आत्याबाईंचं तोंड हलाया लागलं. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या! आधी नाकातून, मंग पोटातून, मंग भिंतीला धरून. म्हातारी बी हसाया लागली, का हसायचं ते न कळता. "आरं देवा, माझी सून, शेळीवानी, शेळी, आन् सगळ्या वस्तीला जेवाया बोलवलं हिनं! मी जन्मभर दुसऱ्याच्या लग्नात राबले, मला कोणी चूलबंद दिलं न्हाई, आन् ही!"

तेवढ्यात खाला आली पळत, टेप मागं उडून राहिलेला. "बेटा, गजब हुआ! मेरे भाई के घर में बच्चे भूखे बैठे हैं, बोलरे दावत कितने बजे?"

मी म्हणलं, "मी माहेरी जाते."

"कुठं जाती? बस खाली." आत्याबाईनी पदर खोचला. मी म्हणलं, आत्याबाई, गुरुद्वाऱ्याच्या लंगराला पाठवू का सगळ्यांना, तिथं कोणाला न्हाई म्हणत न्हाईत. त्यांनी डोळे असे केले. "आवतण आपण द्यायचं आन् जेवाया लंगरात धाडायचं? नाक कापून हातात देशील." मंग दारात उभ्या राहिल्या आन् असा आवाज काढला की तिसऱ्या गल्लीतली कुत्री उठली. "ऐका गं बायांनो! ज्याच्या घरची चूल बंद, त्याच्या घरचे तांदूळ हिकडं! वाटीभर दाळ, कांदा, जे हाय ते! आज खिचडी हाय. सगळ्यांची मिळून एक!"

बाया आल्या. आधी एक, मंग चार, मंग गर्दी. कोणी दाळ, कोणी मिरच्या, कोणी शेंगदाणे, खालाच्या भावाकडून तेलाचा डबा. कोणी रागावलं न्हाई असं म्हणणार न्हाई. एकजण म्हणली, "आवतण बी आपलंच आन् तांदूळ बी आपलेच, वा गं!" आत्याबाई म्हणल्या, "मंग खाऊ नको." तिनं जास्तीचे तांदूळ आणून टाकले.

पण शिजवायचं कशात? एवढ्या माणसांची खिचडी घरच्या पातेल्यात होती का? आन् तवा आमच्या तिघींच्या डोक्यात एकदमच आलं. आम्ही एकमेकीकडं बघितलं. खाला म्हणली, "समाजमंदिर."

बिछायतवाले मामा आपल्या दारात बसलेले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, डोक्याला टोपी, शेजारी बायको नवी साडी नेसून. आम्हाला बघून म्हणले, "या, या. कितीला बसायची पंगत? आमच्या घरी बी चहावरच हाईत सकाळपासून."

आत्याबाई म्हणल्या, "भाऊ, जेवायचं हाय ना?"

"म्हंजी काय! चूलबंद हाय."

"मंग किल्ली काढा."

मामांचा हात कमरेकडं गेला आन् थांबला. माणूस हुशार हाय, कळलं त्यांना. आत्याबाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांची बायको म्हणली, "काढा की हो. पोटात कावळे वरडून राहिले माझ्या."

किल्ली निघाली.

दार उघडलं तर आत कसलं अंधारं, आन् पितळी, ॲल्युमिनियमची भांडी छतापर्यंत. एक मोठी कढई काढली, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं पातेली, पातेल्यामागं घमेली. नेमकी खिचडीची देग सगळ्यात मागं, भिंतीला. मामा म्हणले, ती काढायची तर सगळं काढावं लागंल. आत्याबाई म्हणल्या, "मंग काढा सगळं." पुरुषमाणसं लागली, बाया लागल्या, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, ढण् ढण् ढण्, सगळं रस्त्यावर. मी झाडू घेतला, कोळ्याची जाळी काढली, शिंकते हाय, हसते हाय, रडते हाय, काय काय करते हाय माझं मलाच कळंना.

आन् समाजमंदिर रिकामं झालं तशी लेकरं आत घुसली. कोणी बोलवलं न्हाई, कोणी सांगितलं न्हाई. मोकळी जागा बघितली आन् घुसली. आतून असा गोंगाट, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. माझी लेक कुठं म्हणून मी बघायला गेले तर मधोमध गोल गोल फिरत होती, हात पसरून, डोळे मिटून. तिथं आपटायला काहीच नव्हतं.

बाहेर विटा मांडून देग चढली. आत्याबाई पायरीवर उभं राहून झारा फिरवत होत्या, मामा मीठ किती ते सांगत होते, आत्याबाई ऐकत नव्हत्या. लोक आपापल्या ताटल्या घेऊन आले, पंगत बसली. आन् तेवढ्यात माझे मालक आले देगलूरहून टेम्पो घेऊन. रात्रभरचे उपाशी. रस्त्यात भांडी, पंगत, गर्दी बघून टेम्पो तिथंच लावला, हात धुतले, आन् सरळ पंगतीत बसले. खालाला इचारलं, "कोणाचं लगीन हाय, खाला?"

"तुम्हारी बीवी का!"

त्यांचा घास तोंडातच राहिला. मी देगीच्या मागं लपले. आत्याबाई म्हणल्या, "खा तू आधी. मंग सांगते तुझ्या बायकोचे पराक्रम." ते खात खात माझ्याकडं बघून राहिले, जणू कोणी दुसरीच बाई हाय. मला लाज वाटली आन् लई बरं बी वाटलं.

गाडी आली तवा निम्मी पंगत उठली होती. मॅडम खाली उतरल्या, बघतच राहिल्या. एवढी माणसं! म्हणल्या, "मागच्या ठिकाणी आम्ही खुर्च्यांनाच भाषण दिलं. हे कसं जमवलंत?" मी काय सांगू? खाला म्हणली, "मोहब्बत से, मॅडम." मॅडमनी समाजमंदिरात डोकावलं, आतला गोंगाट ऐकला, रजिस्टर उघडलं. मंग इचारलं, "ही जागा मोकळी आहे ना? कोणाची काही अडचण?"

मामा ताटली घेऊन उभे होते. रस्त्यावर त्यांची सगळी भांडी उन्हात चमकत होती. सगळी वस्ती त्यांच्याकडं बघून राहिली, आन् कोणी एक शब्द बोलंना. मयतीच्या सतरंज्या सगळ्यांनी वापरल्या होत्या. मामा लिहा म्हणले तर फलक उतरणार, अडचण हाय म्हणले तर गाडी पुढं. आन् उद्या दुपारी पाणी येणार.

माझ्यात आवाज कुठून आला ठाऊक न्हाई. बारीकच निघाला. "मामा, तुमचं एक पातेलं मी ठेवते माझ्या घरी. घासून, पुसून. पाहिजे तवा न्या."

मामा म्हणले, "एका पातेल्यानं काय होतं, पोरी?"

"मैं दो रखती," खाला म्हणली.

"कढई माझ्याकडं द्या," कोपऱ्यावरची म्हातारी म्हणली, "माझा नातू झोपंल तिच्यात."

मंग तर झुंबड. एकजण म्हणतो घमेली मला, दुसरा म्हणतो झारे मला, देगलूरची बाई बोट दाखवून एक परात धरूनच उभी. मामा ओरडाया लागले, "अरे लिहून तर घ्या कोणाकडं काय! लग्नसराईत मी कुठं कुठं हिंडू?" आत्याबाई म्हणल्या, "हिंडायचं कशाला? आमीच घेऊन येतो. लग्नाला तर यायचंच हाय." मामा हसाया लागले. त्यांना हसू आवरंना, ताटलीतली खिचडी सांडली. मॅडमना म्हणले, "लिहा मॅडम. काही अडचण न्हाई. अडचण वाटून टाकली ह्यांनी."

फलक दोन खिळ्यांवर लागला, जरा वाकडा. मॅडमनी माईक माझ्या हातात दिला. म्हणल्या, सुरुवात तुम्ही करा. माईकमधून माझा श्वासच मोठा मोठा ऐकू यायला लागला, फुस्स, फुस्स, सगळे हसले. मला एकच सुचलं ते बोलले, "ज्यांचं जेवायचं राहिलं त्यांनी बसून घ्या." टाळ्या पडल्या. तेच माझं भाषण.

दुसऱ्या दिवशी सकाळून लेकीला घेऊन गेले. अंगणवाडीच्या बाईनं आत सतरंजी टाकली होती, मामांचीच. लेक हात सोडून पळाली, मागं बघितलं न्हाई. मी दारात उभी. हात रिकामे. काय करायचं हातांचं तेच कळंना. घरी गेले, भाकरी टाकल्या, बघायला आले. खिडकीतून बघितलं, हाय. दुपारी पाणी आलं, एक घागर भरली आन् पळत आले. हाय. खाला मशीनवरून ओरडली, "अगे कित्ते बार देखती? भागती क्या वो?" मी हसले, गेले, दुसरी घागर भरली, ह्यावेळी सावकाश, पाणी सांडलं न्हाई, आन् तरी परत आले.

लेक खिडकीशी आली. म्हणली, "आई, तू सारखी सारखी का येतीस? आमी खेळून राहिलो."

आन् खिडकीचं दार आतून ओढून घेतलं.